तोंडाचा व्यायाम सोडू नका दादा
दादा, तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला तीनच महिने झालेत ना, गाल बधीर, मान ओढल्यासारखी वाटते म्हणता, हे माझंही ऑपरेशननंतर वर्षभर चाललं होतं, घाबरू नका. तोंड उघडायचा व्यायाम मात्र एक दिवसही चुकवू नका, मी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायचो, आधी जेमतेम नऊ बसायच्या, डोळ्यात पाणी यायचं, पण पंधरा दिवसांनी एखादी वाढवत गेलो आणि आता भाकरी दुधात कुस्करून का होईना, सगळ्यांसोबत बसून खातो. सकाळी गळा जास्त सुजलेला वाटत असेल तर उशी उंच घ्या. खांदा वर जात नसेल तर फिजिओकडे जाच. रेडिएशन झालं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाढ काढू नका. आणि नवीन गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर फॉलोअपची तारीख बघत बसू नका, लगेच दाखवा.