आणीबाणीत ‘आँधी’वर बंदी का आली? तो चित्रपट खरंच इंदिरा गांधींवर होता का?

इंदिराजींचं चरित्र तो नव्हेच. केसांतली पांढरी बट, साडी नेसण्याची पद्धत, झपझप चालणं, हे मात्र थेट त्यांचं. दिग्दर्शक गुलजारांनीही पुढे ते मान्य केलंय. पण गोष्ट आहे नवरा-बायकोची. वडिलांच्या महत्त्वाकांक्षेपायी संसारातून बाहेर पडलेली आरती देवी वर्षांनी निवडणुकीसाठी एका गावी येते, आणि ज्या हॉटेलात उतरते त्याचा मॅनेजर नेमका तिचा नवरा निघतो. सुचित्रा सेन आणि संजीवकुमार.

अनेकांना वाटतं, चित्रपट डब्यातच अडकला होता. तसं नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेऊन तो फेब्रुवारी १९७५ मध्ये लागला आणि कित्येक आठवडे रीतसर चालला. ‘आपल्या पंतप्रधानांना पडद्यावर बघा’ अशा अर्थाच्या जाहिरातींनी दिल्लीत कान टवकारले. जूनमध्ये आणीबाणी आली, माहिती-नभोवाणी खातं गुजरालांकडून विद्याचरण शुक्लांकडे गेलं, आणि चालता चित्रपट उतरवला.

नायिकेच्या दारू-सिगारेटच्या दृश्यांवर बोट ठेवलं गेलं. माझ्या मते खरं झोंबण्यासारखं होतं ते ‘सलाम कीजिए’ ही कव्वाली. पाच वर्षांनी हिशेब द्यायला उगवलेल्या नेत्याचं पोरं भर रस्त्यात, अदबीने वाकून, वाभाडे काढतात. ती एकदा नीट ऐका, आजही एक ओळ शिळी वाटणार नाही.

आणि नंतर जे झालं ते मला बंदीहून वाईट वाटतं. जादा दृश्य चित्रित करावं लागलं: आरती देवी इंदिराजींच्या तसबिरीकडे बघून सांगते, या माझा आदर्श आहेत. म्हणजे ही बाई ती नव्हे, हे तिच्याच तोंडून वदवून घेतलं. कापलेलं दृश्य निदान गेलं एवढंच. इथे सरकारला हवं ते वाक्य पात्राच्या तोंडी कायमचं बसलं. लेखक-दिग्दर्शकाचा याहून मोठा अपमान मला तरी सुचत नाही.

१९७६ मध्ये युवक काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. ‘आँधी’तल्या ‘तेरे बिना जिंदगी से’ या गाण्यातला पुरुषाचा आवाज त्याचाच. सत्तापालट झाला तेव्हा, १९७७ मध्ये, चित्रपट मोकळा झाला आणि ज्या दूरदर्शनवर त्याचं नावही निघालं नसतं, तिथेच दाखवला गेला.