श्रद्धेवर टीका झाली की उत्तर देण्याआधी

श्रद्धेची बाजू मांडायला तू नवा आहेस, म्हणून सांगतो. टीका दिसली की लगेच तुटून पडू नकोस. आधी बघ, ती कशावर आहे. तत्त्वावर, रूढीवर, संस्थेच्या कारभारावर की तुझ्यावर? शेवटचीला उत्तर द्यायची गरज नसते. कारभारावरची टीका तर पुष्कळदा खरी असते. तिथे 'हो, हे चुकलंच' म्हणायला कचरू नकोस. 'तो खरा भक्तच नव्हता' ही पळवाट समोरच्याला पाठ असते. 'मग त्या धर्माबद्दल का बोलत नाही?' हीसुद्धा.

तत्त्वावरची टीका मात्र मनापासून वाच. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्यालाही पटेल असं, आणि मगच खंडन. शंकराचार्यांची भाष्यं अशीच चालतात. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही आधी आक्षेप लिहून मगच उत्तर देत असे. 'देव दयाळू, तर दुःख का?' हा प्रश्न कुणा टवाळाने काल काढलेला नाही. 1755 मध्ये सणाच्या दिवशी, चर्च भरलेली असताना पोर्तुगालच्या लिस्बनला भूकंप झाला, तेव्हा युरोपातल्या भल्याभल्यांना याच प्रश्नाने छळलं. दोन ओळींत तो निकालात काढू नकोस.

आणि कृपा करून 'आमच्या ग्रंथात विज्ञान आधीच होतं' असं म्हणू नकोस. (याचा मला भयंकर कंटाळा आहे.) उद्या विज्ञानाने मत बदललं तर ग्रंथही बदलणार का?

शिवीगाळ असेल तर गप्प बस. प्रामाणिक शंका असेल, तर 'मला माहीत नाही, वाचून सांगतो' एवढंही चालतं; फक्त मग खरंच वाच.