हरळी आणि आठ वर्षं

‘पाच वर्षं झाली तेव्हा आख्ख्या गल्लीत पेढे वाटले हो मी,’ माझ्यासमोरच्या खुर्चीत बसताबसताच ताई म्हणाल्या. पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. अर्धी भरलेली. महिन्यापासून गोळी बंद होती. ‘कॅन्सर परत यायचाच असेल तर कशाला खायची?’

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झालेली. गाठ दोन सेंटिमीटरच्या आतली, काखेतली एक ग्रंथी बाधित, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या जोरावर वाढणारी. डॉक्टरांनी त्याला रोखणारी गोळी दहा वर्षं सांगितलेली. पण किमोच्या वेळी शेजारच्या खाटेवर असलेल्या मैत्रिणीला अकराव्या वर्षी खुब्याच्या हाडात परत निघाला, आणि ताईंची झोप उडाली. रोज रात्री काख चाचपायच्या. कातडी चोळून चोळून लाल झाली होती.

‘पाच वर्षं म्हणजे सुटलो’ हे आपल्याकडे फार पक्कं बसलंय. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनसकट नेहमी तपासले जाणारे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या प्रकारात परत येण्याचा धोका बराचसा पहिल्या पाच वर्षांतच असतो, तिथे त्यात तथ्य आहे. ताईंच्या प्रकारात तसं नाही. ऑपरेशनच्या आधीच काही पेशी निसटून हाडांच्या मगजात वगैरे जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या वाढत नाहीत, म्हणून वाढत्या पेशींवर घाव घालणाऱ्या किमोतूनही वाचतात.

‘हरळीसारखं?’ ताई शेतकऱ्याघरच्या.

‘हो. पण हरळी पावसात उगवतेच. हे बहुतेक जणींत उगवतच नाही.’

कोणी विचारल्याशिवाय मी आकडे सांगत नाही. त्यांनी विचारले. 2017 मध्ये उपचारांच्या 88 चाचण्यांमधल्या, ताईंच्याच प्रकारचा कॅन्सर झालेल्या जवळपास 63 हजार स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. सगळ्यांनी पाच वर्षं गोळ्या घेतलेल्या. ताईंसारखी लहान गाठ आणि एक ते तीन बाधित ग्रंथी असलेल्यांत पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान शरीरात दुसरीकडे आजार परतण्याचा धोका साधारण 20 टक्के निघाला. त्यांच्यावरचे उपचारही जुन्या काळातले होते. ताईंनी बोटांवर मोजलं. ‘म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणींत नाही.’

मग खरं बाहेर आलं. ‘दीर म्हणतात, टेन्शन घेऊ नको, नाहीतर परत येईल. मला टेन्शनचंच टेन्शन येतं.’ अशा काळजीवाहूंचा मला मनापासून राग येतो. झोपलेल्या पेशी कशाने जाग्या होतात याचं कोडं संशोधकांनाही पुरतं सुटलेलं नाही; तुम्ही रात्री रडलात म्हणून त्या उठल्या, असं कोणी सिद्ध केलेलं नाही.

मुलाला दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन, म्हणजे शरीरभर कॅन्सर शोधणारी तपासणी, हवा होता. काही त्रास नसताना असे स्कॅन करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही. दुसऱ्या स्तनाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांची तपासणी, बस. हाडातलं दुखणं दोन-तीन आठवडे हटलं नाही, दम लागला, खोकला रेंगाळला, तर मात्र दाखवायचं. चाचपणं महिन्यातून एकदा, एक तारखेला, असं ठरलं. गोळीने सांधे धरतात, हेही त्यांनी तेव्हाच कबूल केलं. त्यावर उपाय असतात, म्हणून डॉक्टरांची वेळ तिथूनच घेतली.

निघताना स्ट्रिप पिशवीत टाकली आणि दारातच मोबाईल काढला. मैत्रिणीचे दोन महिन्यांतले नऊ मिस्ड कॉल होते. एकही उचलला नव्हता.

‘आता काय बोलू तिला?’

‘जेवलीस का, विचारा.’

फोन लावतच त्या जिना उतरल्या.