हातात ब्रश असलेल्या लेखकाला गाठावे का?

प्रश्न : मी सांगलीत माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेल्या महिन्यात मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत येत असताना, पहाटे किर्लोस्करवाडी मागे पडल्यावर, डब्याच्या टोकाशी असलेल्या बेसिनपाशी मला एक कथालेखक उभे दिसले. त्यांच्या कथा मी वीस वर्षे वाचत आले आहे. खांद्यावर पंचा आणि हातात ब्रश अशा अवस्थेतल्या त्यांना गाठून मी म्हणाले, "सर, मी तुमची फार मोठी चाहती आहे." ते "हो का, बरं बरं" एवढेच बोलले आणि जागेवर जाऊन पडदा ओढून बसले. तेवढ्यात माझ्या मुलाने मोबाइलवर त्यांचा फोटोही काढला होता. तेव्हापासून मनाला सारखी टोचणी लागली आहे. माझे चुकले, की ते शिष्ट आहेत? आणि तुम्हाला असे कोणी ओळखले तर काय वाटते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते शिष्ट नसावेत. दात घासण्यापूर्वी शिष्टपणा करणे फारच थोड्या लोकांना जमते.

नट घराबाहेर पडतो तेव्हा आपल्याला कोणीतरी ओळखणार, हे धरूनच पडतो. मराठी लेखकाला ही सवय नसते. त्याचा चेहरा वाचकांनी पाहिलेला असतो तो पुस्तकाच्या मलपृष्ठावर, आणि तोही बहुधा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. माझ्या पुस्तकांवरच्या फोटोत माझे केस अजून काळे आहेत, आणि प्रकाशकाने दुसरा फोटो मागितला नाही म्हणून मीही दिलेला नाही. त्यामुळे भर पहाटे, पंचा खांद्यावर असताना एखाद्याने आपल्याला आपल्या पुस्तकांसकट ओळखावे, ही गोष्ट लेखकाला सुखावण्याआधी दचकवते. तुम्ही जे पाहिलेत ते दचकणे होते, असे मी समजतो.

पु. ल. देशपांडे यांची गोष्ट वेगळी होती. रंगभूमी, चित्रपट आणि आकाशवाणी या सगळ्यांतून त्यांचा चेहरा आणि आवाज घरोघरी पोहोचलेला असल्याने, रस्त्यात भेटलेला माणूस त्यांच्याशी जुनी ओळख असल्यासारखा बोलू शके. दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी. धारवाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे, सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर राहणारे आणि डोळ्यांवर काळा चष्मा ठेवणारे जी. ए. वाचकांना अतोनात प्रिय होते. पण ती प्रीती त्यांनी स्वीकारली ती मुख्यतः पत्रांतून. त्यांच्या पत्रांचे खंड पाहिले म्हणजे हा माणूस माणूसघाणा नव्हता हे सहज कळते. त्याला फक्त समोरासमोर गाठले जायचे नव्हते.

याहून नाजूक प्रसंग विभावरी शिरूरकरांचा. 1933 साली या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, त्यावर मोठे वादळ उठले आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून आपल्याला माहीत झालेल्या त्या लेखिकेला तेव्हा ओळखले जाणे परवडणारे नव्हते. आपल्याच पुस्तकावरची चर्चा त्यांना अनेकदा तिऱ्हाइतासारखा चेहरा ठेवून ऐकावी लागली असेल, असे मला नेहमी वाटते. कुणी रोखून पाहिले की पोटात गोळा येणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके आमच्या पिढीत कुणाला ठाऊक नसेल.

आता माझ्याबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो. मला ओळखणारे फार नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी मला दुसराच कोणीतरी समजलेले असते. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी माझ्याच आडनावाच्या दुसऱ्या लेखकाच्या कादंबरीची इतकी मनापासून स्तुती केली, की त्यांचा हिरमोड करणे माझ्या जिवावर आले. मठ्ठा येईपर्यंत मी ती स्तुती त्या लेखकाच्या वतीने स्वीकारत राहिलो.

खरी ओळख मात्र एकदाच पटली. पुण्याहून साताऱ्याला लाल एस.टी.ने जात होतो. शिरवळ सोडल्यावर तिकिटे संपवून कंडक्टर परत माझ्यापाशी आला, शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकला आणि गळ्यातले तिकिटाचे मशीन मांडीवर ठेवून म्हणाला, "दिवाळी अंकात कंडक्टरची गोष्ट लिहिलीत ते तुम्हीच ना? फोटो होता त्यात." मी होकार दिला. "गोष्ट चांगली आहे. पण तुमच्या कंडक्टरनं सदतीस रुपयांचं एकच तिकीट फाडलंय. पेटीच्या काळात असं नसायचं साहेब. लहानमोठी तिकिटं जोडून भाडं पुरं करायचं आणि प्रत्येकाला पंच मारायचा." एवढे बोलून त्याने डाव्या हातात नसलेली पेटी धरली, उजव्या हातातल्या नसलेल्या पंचने समोरच्या सीटच्या दांडीवर दोनदा टकटक केले आणि अंगठ्याने एकामागून एक चार तिकिटे सरकवून दाखवली. मशीन येऊन किती वर्षे झाली होती, पण अंगठा काही विसरला नव्हता. मी ती कथा लिहिताना अशा अंगठ्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते.

तेव्हा मला काय वाटले? कॉपी करताना पकडल्या गेलेल्या विद्यार्थ्यासारखे वाटले, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तसा आनंद कोणत्याही हारतुऱ्याने झालेला नाही. या माणसाने माझ्या कथेतले भाडे मोजून पाहिले होते. त्याने सही मागितली नाही, फोटो मागितला नाही. खंबाटकीचा घाट लागला तसा उठून पुढे ड्रायव्हरपाशी गेला. कथासंग्रह निघाला तेव्हा ते तिकीट मी दुरुस्त केले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : ओळख दिलीत यात तुमचे काही चुकले नाही, वेळ मात्र चुकली, आणि वाक्य त्याहून जास्त चुकले. 'फार मोठी चाहती' या शब्दांना समोरच्याने काय उत्तर द्यावे? 'आभारी आहे' म्हटले की संभाषण संपते, आणि तेही न सुचल्यामुळे तुमचे लेखक 'बरं बरं' म्हणाले. तुम्ही वीस वर्षे त्यांच्या कथा वाचल्या आहेत, त्यांतल्या काही वर्गात शिकवल्याही असतील. एखाद्या कथेपाशी मुले दरवर्षी हटकून अडत असतील, एखाद्या वाक्याला हसत असतील. ते त्यांना सांगितले असतेत, तर तोंड धुऊन ते स्वतःच तुमच्या जागेपाशी आले असते, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. आम्हा लोकांना आपल्या लेखनाबद्दल नेमके काही ऐकण्याची हाव फार असते. ती लपवण्याचे कौशल्य प्रत्येकाने आपापल्या परीने कमावलेले असते, इतकेच.

फोटोबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने नाही. न विचारता काढलेला, दात न घासलेल्या माणसाचा फोटो मुलाला आजच पुसून टाकायला सांगा. त्याने तो मित्रांना पाठवला असेल, तर त्यांनाही सांगायला लावा. मग त्या लेखकांना एक साधे पत्र लिहा, त्यात त्या पहाटेचा उल्लेख दोन ओळींपेक्षा जास्त नको; उरलेले पत्र वर्गातल्या त्या मुलांविषयी लिहा. पत्ता ठाऊक नसेल तर प्रकाशकाकडे पाठवावे. तेथून पत्रे पोहोचतात. मला अशा मार्गाने आलेले एक पोस्टकार्ड सात महिन्यांनी मिळाले होते, आणि त्यावर चहाचा डाग होता.