गाईंच्या शेण-मूत्रातून किती नत्र वाया जाते, हे प्रयोगशाळेशिवाय कसे काढावे?

दहा संकरित गाईंच्या गोठ्यातून शेण-मूत्रावाटे किती नत्र बाहेर पडते, हे प्रयोगशाळेशिवाय काढता येईल का आणि ते कमी करता येईल का, असे आपण विचारले आहे. पशुआहार सल्लागार म्हणून मी गोठ्यागोठ्यांवर हाच हिशेब मांडतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पूर्ण वाढ झालेल्या गाईच्या अंगी नत्र फारसे साठत नाही. म्हणून चाऱ्या-खुराकातून पोटात गेलेल्या नत्रातून दुधात उतरलेले वजा केले की उरलेले शेण-मूत्रात गेले, असे धरतात.

दिवसाला 15 किलो दूध देणारी गाय 14 किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरलेला चारा-खुराक) खात असेल आणि त्यात 16 टक्के प्रथिने असतील, तर ती 2,240 ग्रॅम होतात, प्रथिनांवरून नत्र काढण्याच्या 6.25 या गुणकाने भागल्यावर नत्र येते सुमारे 358 ग्रॅम. दुधातील 3.2 टक्के प्रथिने म्हणजे 480 ग्रॅम, त्यांना दुधाच्या प्रथिनांसाठीच्या 6.38 या गुणकाने भागले की 75 ग्रॅम नत्र. उरलेले 283 ग्रॅम, म्हणजे पाचातले जवळजवळ चार भाग, बाहेर पडतात. स्फुरदाचा हिशेबही असाच मांडतात, मात्र ते बहुतांश शेणात जाते.

चूक होते ती आकडे भरताना, कारण गव्हाणीत टाकलेला सगळा चारा खाल्ला गेला असे आपण गृहीत धरतो. मी पहाटे गव्हाणीच्या तळाशी उरलेली मक्याची जाड धांडे गोळा करून काट्यावर ठेवतो, तेव्हा मालकालाही आश्चर्य वाटते. निदान तीन दिवस हे वजन घ्यावे.

प्रथिने 16 वरून 14 टक्क्यांवर आणली आणि दूध टिकले, तर गाईमागे रोज 45 ग्रॅम नत्र वाचते, आणि ही घट मुख्यतः मूत्रातली असते. मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मूत्रातील युरियाला शेणातील युरिएज हे विकर (एन्झाइम) भेटले की काही तासांतच अमोनिया उडू लागतो. बंद गोठ्यात सकाळी डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. मूत्र उताराने वेगळ्या टाकीत नेल्यास हे नुकसान आणखी घटते.

प्रथिने घटवण्यासाठी सरकी पेंड मात्र एकदम कमी करू नये. दुधातील युरिया-नत्र तपासून घ्यावे. ते 100 मिलिलिटरमागे 14 मिलिग्रॅमपेक्षा सतत जास्त असेल, तरच दर आठवड्याला थोडी पेंड घटवावी आणि नुकत्याच व्यालेल्या गाईंना या बदलातून वगळावे.