रिकाम्या घडांचा ढीग करू नका

ऑइल पामच्या गिरणीत नवीन आहात, तर तेलाच्या उताऱ्याआधी उरलेल्या मालाकडे बघा. 100 किलो ताज्या घडांतून तेल साधारण 20 किलो निघतं आणि फळं काढून घेतल्यावरचे रिकामे घडही जवळपास तेवढेच उरतात.

चोथा आणि करवंटी बॉयलरला जातात, गिरणीची वाफ त्यावर भागते. रिकामा घड मात्र हातात घेऊन दाबून बघा, ओला लागेल. निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून तसाच जाळायला जाऊ नका. त्यात पालाश भरपूर. तो बागेत परत न्या आणि ओळींमध्ये एकच थर अंथरा. मी सुरुवातीला घाईत ढीग रचले होते. काही महिन्यांनी उकरले, तर आत गेंड्या भुंग्याच्या बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या! पुढे भुंग्यांनी नव्या रोपांचे कोंब पोखरले. ते अजून सलतं.

सांडपाणी गरम आणि आम्लधर्मी असतं, ओढ्यात कधीच सोडू नका. झाकलेल्या टाकीत कुजवलंत तर बायोगॅस मिळेल. करवंटीच्या आतल्या गराची पेंड गुरांना चालते. मेंढ्यांना मात्र फार जपून द्या, त्यातलं तांबं त्यांना बाधतं.