बाहेरून आलेल्यांनी कोल्हापुरात धंदा पुन्हा उभा करताना

दादा, डोक्यावर जुनं कर्ज असताना गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये पैसे अडकवू नका. वडापावच्या गाड्यावर सुरुवात करा. बटाटा जुना, कोरडा घ्या. नव्यात पाणी जास्त, सारण सैल पडतं, वडा कढईत फुटतो. पिठाचा थेंब टाकल्याबरोबर वर आला तरच घाणा सोडा. तेल गार असलं की वडा तेल पितो आणि नफा तिथंच जातो.

रात्री गल्ला मोजला की आधी उद्याच्या मालाचे पैसे बाजूला, मग सावकाराचा हप्ता, उरलं ते घराला. हा क्रम मोडलात तर महिन्याभरात बेसनही उधार येईल.

महापालिकेकडून फेरीवाला प्रमाणपत्र मिळवा. त्यावर पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेतून विनातारण कर्ज मिळतं, वेळेत फेडलं की पुढचं मोठं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, एजंटला रुपयाही देऊ नका.